रुखवतातलं सोनं

"अण्णा, आपल्याकडचे सगळे बँडवाले आहेत का?"

वैजू कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. माझ्यासमोर पाटावर बोटभर उंचीची मातीची माणसं ओळीनं मांडलेली होती. सकाळपासून खपून मी त्यांचे दागिने, फेट्यांचे तुरे, लुगड्यांचे काठ असं सगळं सोनेरी रंगानं रंगवून काढलं होतं. डबी नवी होती. दुकानदार म्हणाला होता, देवळाच्या कळसाला हाच रंग लावतात.

"का? चमकतंय की," मी म्हणालो.

"चमकतंय, तेच म्हणते मी. ही काकी ना? हिच्या गळ्यात ठुशी आहे की कुत्र्याचा पट्टा?"

"ठुशी आहे."

"मग ती ठुशी दिसायला नको? नुसता चकचकीत गोळा झालाय. आता हे बघा."

तिनं मनगटानंच दुसरा पाट माझ्याकडे सरकवला. त्या पाटावर वराकडची मंडळी होती. घोड्यावरचा नवरदेव, त्याचे आईवडील, करवली, छत्री धरलेला न्हावी. ती शालननं रंगवलेली. नवरदेवाच्या आईच्या नाकात नथ होती. नथ कसली, तांदळाच्या कणीएवढा ठिपका. पण तिचा आकडा, तिचा मोती, सगळं कळत होतं आणि सोनं तर असं वाटत होतं की सराफाला दाखवावं. त्यात सोनेरी रंगाचा एक थेंब नव्हता. शालन सोनेरी रंग घरात येऊ द्यायची नाही. म्हणायची, तो रंग मिठाईच्या खोक्याला ठीक.

"कसं करायची ती?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी बघायला गेले की म्हणायची, उजेड अडवू नको."

शालन माझी बायको. श्रावणात गेली. गौरीच्या आराशीत तिच्या मातीच्या बाहुल्या बघायला फलटणातल्या चार आळ्यांच्या बायका यायच्या. वैजूचं लग्न ती असतानाच ठरलं आणि आजारपणात पडल्या पडल्या तिनं रुखवतासाठी ही वरात करायला घेतली. शाडूची माणसं सगळी करून वाळवून झाली. मग रंग. रंगवताना आधी वराकडचे घेतले, पाहुण्यांनी पाठवलेला फोटो समोर ठेवून. मी एकदा म्हटलं होतं, "अगं, आधी आपली माणसं रंगव की." तर म्हणाली, "पाहुण्यांचं पान आधी वाढतात. घरचे मागून बसतात."

पाहुण्यांचं झालं. घरचे राहिले.

आमच्याकडे घरात असं झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. लोणंदच्या पाहुण्यांनी वर्षाच्या आतली, वैशाखाची तारीख धरली. कन्यादानाला नवराबायकोचं जोडपं लागतं म्हणून माझे थोरले बंधू आणि हौसावहिनी बसणार हे ठरलं. कपडे, भांडी, आचारी, सगळं वहिनींनी अंगावर घेतलं. मला कामच उरलं नाही. तेव्हा मी म्हटलं, रुखवत माझ्याकडे.

मी जन्मभर एसटी चालवली. हातात ब्रश धरला तो दाढीचा.

"पुसा हे सगळं," वैजू म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

मी रॉकेलच्या बोळ्यानं सगळ्यांचं सोनं उतरवलं. दुसऱ्या दिवशी शालनच्या डब्यातला पिवळा रंग घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. सोनं पिवळं असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दुपारपर्यंत पाच माणसं झाली. नेमक्या तेव्हाच हौसावहिनी मसाल्याचा डबा द्यायला आल्या. कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"भाऊजी, हळद अजून लागायचीय ना? यांना आत्तापासूनच लावलीत?"

आतून वैजू हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मला राग आला नाही.

वहिनी पाटाजवळ बसल्या. एकेकाला उचलून बघू लागल्या. "हे आमचे हे दिसतात. पोट बरोबर काढलंय शालननं. ही मी. हं. एवढी जाडी आहे होय मी? आणि ही?"

ती शालन होती. वधूची आई म्हणून तिनं स्वतःलाच केलं होतं. पदर खोचलेला, मान जराशी डावीकडे कललेली. अजून नुसती माती.

वहिनींनी ती बाहुली हळूच खाली ठेवली. आवाज एकदम उतरला. "भाऊजी, राग मानू नका. ही टेबलावर नका ठेवू."

"का?"

"शुभकार्य आहे. गेलेल्या माणसाला असं नटवून उभं करतात का कुठं? पाहुणे काय म्हणतील? विहीणबाई जुन्या वळणाच्या आहेत. मुहूर्तावर त्यांच्या तोंडून वाकडा शब्द निघाला तर पोरीला जन्मभर पुरेल. एवढी एक काढून ठेवा, बाकीची मांडा."

वैजू लाटणं घेऊनच बाहेर आली. "काकी, आई तिथं उभी राहणार."

"अगं बाई, ऐक तरी."

"तिनं स्वतः केलंय स्वतःला. मी सांगितलं नव्हतं, अण्णांनी सांगितलं नव्हतं. ती नसेल तर टेबलच मांडू नका. रुखवताशिवाय उभी राहीन बोहल्यावर."

"बघितलंत?" वहिनी मला म्हणाल्या. "लाटणं घेऊन बोलतीय. लोणंदकरांचं कसं व्हायचं!"

मी म्हटलं, "आधी रंगवू तर द्या. अशी हळद लावून नाहीतरी कुणालाच ठेवता येणार नाही."

वहिनी गेल्या. मी चष्मा काढून शालननं रंगवलेली नवरदेवाची आई अगदी डोळ्याशी धरली. मला जवळचं चष्म्याशिवाय चांगलं दिसतं. कितीतरी वेळ बघितल्यावर ध्यानात आलं की तिच्या पाटल्यांना पिवळा रंग जवळजवळ नाहीच. खालच्या बाजूला चहासारखा तपकिरी, कडेला तर काळाच म्हणावा असा. मग थोडी पिवळी काव. एका बाजूला लिंबासारखी एक रेघ आणि त्या रेघेत सुईच्या टोकानं ठेवलेला पांढरा ठिपका. एवढंच. हात लांब केला की त्याच्या पाटल्या होत होत्या.

"वैजू, आईच्या पाटल्या काढ बरं."

"आत्ता? वरण आहे गॅसवर."

"गॅस बारीक कर. पाटल्या घाल आणि इथं दारात बस."

ती पाटल्या घालून उंबऱ्याशी येऊन बसली. मी तिचा हात उजेडात धरला.

"हलवू नको."

"हलवत नाहीये. तुमचाच हात हलतोय."

मी बघत राहिलो. खऱ्या सोन्यातही तसंच होतं. इतकी वर्षं त्या पाटल्या माझ्यासमोर ताट वाढत होत्या आणि मला वाटत होतं त्या पिवळ्या आहेत. निम्मी पाटली तपकिरी होती. वरच्या अंगाला दाराचा उजेड एका रेघेत गोळा झाला होता. आणि खाली, जिथं पाटली पदराजवळ येत होती, तिथं चक्क हिरवं दिसत होतं.

"हे हिरवं कसलं गं?"

वैजूनं वाकून बघितलं. "साडी माझी. साडीच दिसतीय त्यात." मग हात जरा पुढं नेला. "आणि हे काळं म्हणजे तुमचं डोकं."

"काळं कुठं राहिलंय डोकं?"

"कलप लावलाय ना लग्नासाठी. काकीनं आणून दिला, मला माहितीये."

वरण करपलं. वास आला तेव्हा दोघंही एकदम उठलो. त्या दिवशी आम्ही पोळी आणि लोणचं खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून मला सूर सापडला. शालन बसायची त्याच स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो, पण मी डावखुरा. माझ्या हाताची सावली बाहुलीवर पडायला लागली. म्हणून पाट फिरवून उलट्या अंगाला बसलो आणि कामाला लागलो. आधी सगळा दागिना तपकिरी. तो वाळला की काव. मग लिंबाची रेघ. पांढरा ठिपका ठेवताना श्वास रोखायचा. ठिपका एकच. दोन ठेवले की दागिना मण्यांचा दिसायला लागतो, तीन ठेवले की देवी आल्यासारखा. लुगडं हिरवं असेल तर सोन्याच्या पोटाला चोरून जरासा हिरवा. बंधूंच्या अंगठीवर मी अख्खी दुपार घालवली. वैजू येता जाता डोकवायची. "काकांचं बोट जाड झालंय." "करवलीचे डूल वेगळे वेगळे झालेत." "अण्णा, हे मात्र आईसारखं जमलंय." हे शेवटचं ती एकदाच म्हणाली, काकीची ठुशी बघून.

शालनला मी सगळ्यांच्या शेवटी घेतलं. ते करताना दार लावून घेतलं होतं. तिला कोणते दागिने घालायचे हे कुणाला विचारलं नाही. झाली तशी तिला कापसात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवली. वैजूनंही बघायला मागितली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात गेलो. रुखवताचं टेबल एका बाजूला भिंतीशी लावलेलं होतं, शेजारी मोठी खिडकी. वहिनींनी पांढरी चादर अंथरून दिली, कडेनं लाडू, चकल्या, करंज्या रचल्या. मधल्या जागेत मी वरात मांडली. पुढं घोडा, नवरदेव, पाहुणे. त्यांच्यामागं आपली माणसं. शालनची डबी अजून खिशातच होती.

दोन पावलं मागं होऊन बघितलं.

पाहुण्यांचं सोनं लखलखत होतं. आपल्याकडच्यांचं मेलं होतं. घरी पाटावर जी ठुशी झगझगत होती, ती इथं चिखल लावल्यासारखी दिसत होती.

वहिनी आल्या. त्यांनी एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला बघितलं. "भाऊजी, आपल्याकडच्यांचं पितळ झालं."

"घरी असं नव्हतं हो."

"रंग उतरला का घामानं?"

"मातीच्या माणसांना घाम येतो का, वहिनी?"

"मला काय विचारता? तुम्ही रंगवलंय." मग त्यांनाच दया आली. "टेबल फिरवून बघू का? धरा तिकडून."

लाडू न पाडता आम्ही दोघांनी टेबल फिरवलं. आता आपली माणसं उजळली. वहिनींची ठुशी दिसली, बंधूंची अंगठी दिसली. पण पाहुण्यांवर अवकळा आली. शालननं केलेली ती नथ, ती तर दिसेनाशीच झाली.

"हे बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "विहीणबाईंना पितळ आणि आपल्याला सोनं. आता लग्नच मोडतंय."

टेबल परत फिरवलं. पुन्हा आपलं पितळ. बाहेर सनई सुरू झाली. पाहुण्यांची गाडी आल्याची वर्दी घेऊन कुणीतरी धावत गेलं. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या आता असंच. मला समई लावू द्या, मग मला सीमांतपूजनाचं बघायचंय." जागा नव्हती म्हणून त्यांनी समई वरातीच्या मागच्या टोकाला, आपल्या माणसांच्या पलीकडे टेकवली, पाच वाती लावल्या आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला, वाऱ्यानं वाती विझू नयेत म्हणून.

समईला अगदी लागून, जागा नसल्यामुळे तिच्या पलीकडच्या अंगाला आपल्याकडची एक करवली जाऊन बसली होती. तिचे डूल एकदम पेटले.

मी ती करवली उचलली. समईच्या या बाजूला ठेवली. डूल विझले. परत त्या बाजूला. पेटले. मग शालनचा छत्रीवाला उचलला आणि त्याचं तसंच करून बघितलं. त्याचं बरोबर उलट होत होतं.

तेव्हा कुठं उजेड पडला. शालन उजव्या हाताची. खिडकी डाव्या अंगाला ठेवून बसायची. तिच्या माणसांवर उजेड डावीकडून आलेला होता आणि तो आता त्यांच्या अंगावरच राहिला होता, रंगात. मी डावखुरा, मी उलटा बसलो. माझ्या माणसांवर उजेड उजवीकडचा. एकाच खिडकीशी बसून आम्ही दोघांनी दोन वेगवेगळे सूर्य रंगवले होते. एका ओळीत उभे केले की कुणाचं तरी एकाचं सोनं मरणारच.

"वहिनी, समई मधे घ्या."

"मधे घोडा आहे."

"घोडा हलवा! सगळे हलवा. वरात मोडा."

"अहो, आज मोडा मोडा म्हणू नका!"

समई टेबलाच्या मधोमध ठेवली. तिच्या उजव्या अंगाला शालनचे पाहुणे, डाव्या अंगाला माझी घरची माणसं. आता ते एकामागून एक चालत नव्हते, दोन्हीकडून समईपाशी येऊन समोरासमोर थांबले होते. इकडून बंधू, तिकडून नवरदेवाचा बाप. घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या म्हणजे एकमेकींच्या दिव्यात उजळतात, तसं झालं. दोन्हीकडचं सोनं एकदम जागं झालं. नथही दिसली आणि ठुशीही.

वहिनींनी दोन्हीकडची रांग बघितली. मग म्हणाल्या, "ही व्याहीभेट झाली."

"हो."

"मग तिथं विहीण एकटी उभी आहे त्यांची." त्यांनी माझ्याकडं न बघता लाडू नीट करायला घेतले. "समोर कुणीतरी पाहिजे."

मी डबी काढली. कापूस सोडवला. शालनला नवरदेवाच्या आईच्या समोर, समईच्या डाव्या अंगाला ठेवलं.

वहिनींनी वाकून बघितलं. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावून लगबगीनं निघून गेल्या.

लग्न लागलं. कन्यादानाला बंधू आणि वहिनी बसले. मी रुखवताच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसलो, वातींना तेल घालायला कुणीतरी हवंच होतं. तिथून वैजू पाठमोरी दिसत होती. बायका गटागटानं येत होत्या, चकल्यांची चौकशी करत होत्या, बाहुल्यांना हात लावू नका म्हणून मी सांगत होतो.

मग विहीणबाई आल्या. सोबत दोघीतिघी होत्या. उंच, सावळ्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. वहिनी विधी सोडून तिथून मान उंचावून बघत होत्या, ते मला दिसलं. मी उठून उभा राहिलो.

विहीणबाईंनी आधी स्वतःला ओळखलं. "ही मी का? नथ माझीच आहे." मग समईच्या पलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. 

"या वैजूच्या आई?"

"हो," मी म्हणालो. "काढून ठेवायची असली तर..."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. टेबलाच्या कडेला हळदीकुंकवाची कोयरी होती, ती त्यांनी ओढून घेतली. इकडं तिकडं बघितलं, समईजवळची एक काडी उचलली, तिचं टोक कुंकवात बुडवलं. मग वाकल्या. एवढ्या उंच बाईला चांगलंच वाकावं लागलं. श्वास रोखून त्यांनी शालनच्या कपाळाला कुंकू लावलं. आधी हळद, मग कुंकू असं नीट क्रमानं करायचं राहिलं म्हणून परत हळदीचा ठिपका शेजारी टेकवला.

"आमची भेट राहिली होती," त्या म्हणाल्या. "दोनदा निघाले होते यायला. दोन्ही वेळा काहीतरी निघालं."

मंडपातून वैजू मान वळवून बघत होती. भटजी तिला काहीतरी सांगत होते, तिचं लक्ष नव्हतं.

विहीणबाई अजून वाकलेल्याच होत्या. समईच्या उजेडात त्यांनी डोळे बारीक केले.

"बोरमाळ जुन्या घडणीची दिसते हो यांची."

"तिच्या आईची आहे," मी म्हणालो. "माहेराहून घालून आली होती."

"तरीच," विहीणबाई म्हणाल्या. "असं सोनं आता मिळत नाही."